पाव फेरा

"नट हाय तो, अंडं न्हवं. मार जोरात," अण्णा म्हणाले.

आम्ही दोघं जीपखाली उताणे पडलो होतो. माझ्या एका हातात पंच, म्हणजे टोकदार पोलादी कांडी, आणि दुसऱ्या हातात हातोडी. नाकापासून वीतभर वर तेलाच्या काळ्या राबडीनं माखलेला तो नट. मी पंचाचं टोक नटाच्या कडेवर टेकवलं आणि मारलं. घाव तिरका बसला. परत मारलं.

"उमटली?"

"उमटली," मी म्हटलं.

"शाफ्टावरच्या ठिपक्याच्या बरोबर समोर?"

"अगदी समोर."

अण्णांनी मान वळवून तिकडं पाहिलं, पण ते फक्त सवयीनं. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्यात उतरत होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणायचे, कामं उरकू देत. कामं संपणारी नव्हती.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सांगलीला कॉलेजात शिकवत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत आजऱ्याला घरी आले होते. अण्णा साखर कारखान्याच्या गॅरेजातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. गावात त्यांना रेडेकर वस्ताद म्हणत. घरापुढच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली त्यांची जुनी जीप उभी असायची आणि तिच्या आजूबाजूला गावातलं सगळं बिघडलेलं सामान. फवारणीचे पंप, कडबा कापायची यंत्रं, कुणाची मोटारसायकल. माणसं वस्तू ठेवून जात, संध्याकाळी घेऊन जात. आई त्या सगळ्याला पसारा म्हणायची.

त्या दिवाळीत जीपखाली रोज सकाळी तळहाताएवढा काळा डाग पडत होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल, त्याचं तोंडाचं सील गेलं होतं. सील म्हणजे रबराची एक कडी. तेल आत अडवून धरते, एवढंच तिचं काम.

आईचं म्हणणं सरळ होतं. दस्तगीरकडं न्यावी. दस्तगीर मुजावर कारखान्यात अण्णांच्या हाताखाली शिकलेला, आता गडहिंग्लज रस्त्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. तिथं गाडी उभी करायला खड्डा होता, चांगला उजेड होता, माणसं होती. तो स्वतः दोनदा येऊन सांगून गेला होता की वस्ताद, गाडी लावून जावा, दुपारपर्यंत देतो.

"माझ्याकडं पाना धरायला शिकला, त्याच्या दारात मी गाडी ढकलत नेऊ व्हय?" अण्णा म्हणाले.

"त्यात काय झालं? डॉक्टरच्या बापाला ताप येत न्हाई काय?" आई म्हणाली. "तुम्हाला आता ताटातला खडा दिसत न्हाई. परवा मीठ म्हणून सोडा घेतलात."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले की सील बदलणं म्हणजे काही इंजिन उतरवणं नव्हे, कारखान्यात असताना त्यांनी डोळे झाकून बदलली आहेत.

"ते डोळे झाकलेले होते," आई म्हणाली. "आताचे उघडे असून झाकलेले हायत."

तेव्हा मी मध्ये बोलले. मी म्हटलं, घरीच करू, अण्णांचे हात आणि माझे डोळे. मला ते वाक्य आवडलं होतं. हातानं काम करणाऱ्या माणसांविषयी मी तोवर पुष्कळ वाचलं होतं, वर्गात त्यावर बोललेही होते. कौशल्य बोटांत साठतं वगैरे. पण अण्णांच्या शेजारी जीपखाली मी कधी पडले नव्हते.

आईनं आम्हा दोघांकडं पाहिलं आणि पदराला हात पुसले. "मग आत्ताच ठरवू," ती म्हणाली. "ही गाडी परत गळली न्हाईतर वाटेत बसली, तर ती विकायची. आणि अंगणातला हा बाजार उचलायचा. ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या घरी. द्या शब्द."

"दिला," अण्णा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की आईलाच ते आवडलं नसावं.

म्हणून त्या सकाळी आम्ही जीपखाली होतो.

खूण का करायची ते अण्णांनी मला आदल्या दिवशी पोह्यांच्या ताटलीत दोन चमचे ठेवून समजावलं होतं. सील काढायला त्याच्यापुढचा नट आधी सोडवावा लागतो, आणि त्या नटाच्या आत शाफ्टावर एक पातळ नळी बसवलेली असते. नट आवळला की ती दबते, आणि एकदा दबली की पुन्हा फुगत नाही. म्हणून सील बदलून झाल्यावर नट पूर्वी जिथं होता नेमका तिथंच परत यायला हवा. अलीकडं राहिला तर शाफ्ट खडखडतो. पलीकडं गेला तर आतलं बेअरिंग आवळून फिरतं, तापतं आणि जळतं. गॅरेजवाले आता मोजायचा पाना वापरतात. कारखान्यातल्या जुन्या लोकांची रीत वेगळी. खोलण्याआधी शाफ्टाच्या टोकावर एक ठिपका, त्याच्यासमोर नटावर एक ठिपका. परत आवळताना ठिपक्यासमोर ठिपका आला की हात थांबवायचा. त्यापुढं देवानं सांगितलं तरी हलायचं नाही, असं अण्णा म्हणायचे.

शाफ्टावर पूर्वीचा एक ठिपका होताच. पाच-सहा वर्षांपूर्वी अण्णांनीच तिथं बेअरिंग बदललं होतं. तोच धरून त्याच्यासमोर मी नटावर खूण केली.

पुढचं काम अण्णांनी केलं, आणि मी ते पाहत राहिले. मोठ्या पान्याला त्यांनी चार फुटी पाईप अडकवला, पाय चाकाला टेकवले आणि ओढला. नट कुरकुरला आणि सुटला. जुनं सील त्यांनी एका वाकड्या पट्टीनं, कुठंही ओरखडा न उठवता उचकटून काढलं. बोटानं आतली कड चाचपली. नवं सील ग्रीस लावून बसवलं, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं हलके हलके, एकदा वर, एकदा खाली, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. त्यांचे डोळे तेव्हा मिटलेले होते. दिसत नव्हतं म्हणून नाही. ते ऐकत होते. ठोक्याचा आवाज बदलला तसे थांबले.

"बसलं," म्हणाले. "बघ, कड सगळीकडं सारखी हाय काय."

सारखी होती. नखाचाही फरक नव्हता.

मधल्या वेळात मी नट डिझेलमध्ये घासून धुतला होता. राबडी निघाल्यावर तो चांगला चकाकला. कडेवर ठिपका ठसठशीत दिसत होता, इतका खोल की अण्णांच्या अंगठ्यालाही तो लागला. "चांगली मारलीस की," ते म्हणाले. "मला वाटलं होतं नुसत्या गुदगुल्या केल्यास." मला अभिमान वाटला.

मग नट परत चढवला. आधी हातानं, मग पान्यानं, मग पाईप लावून. मी उताणी पडून टॉर्च धरला होता. अण्णा ओढत होते, थांबत होते, मला विचारत होते, परत ओढत होते. एका जागी त्यांनी पाईप सोडून दिला.

"बसला वाटतं," म्हणाले.

"नाही अजून," मी म्हटलं. "अजून राहिलाय."

"किती?"

"पाव फेरा."

"पाव?" त्यांनी पान्यावर नुसता हात ठेवला, जसा नाडीवर ठेवतात. "हाताला तर बसल्यावाणी लागतंय."

"अण्णा, मला समोर दिसतंय. ठिपका अजून अलीकडं आहे."

त्यांनी पाय पुन्हा चाकाला टेकवले आणि ओढलं. मला त्यांच्या दंडाची शीर दिसत होती. नट अगदी सावकाश फिरला. ठिपका ठिपक्यासमोर आला.

"बस," मी म्हटलं.

अण्णांनी पाईप खाली ठेवला आणि नटामागची, शाफ्टाबरोबर फिरणारी चकती हातानं फिरवून पाहिली. जरा जड फिरतंय म्हणाले. मी म्हटलं, नवं सील आहे ना. ते म्हणाले, तेही खरं. मी चिंधीनं नट आणि शाफ्टाचं टोक पुसून घेतलं, आणि त्याच वेळी जीपच्या बाहेर आईची पावलं दिसली. ती चहा घेऊन आली होती. झालं का, तिनं विचारलं. अण्णा घसरत बाहेर आले. कपाळावर काळं, पांढऱ्या केसांत काळं. "झालं," म्हणाले. "घरच्या घरी. जा, सांग तुझ्या दस्तगीरला." आई हसली. खूप दिवसांनी त्या दोघांना एका गोष्टीवर हसताना मी पाहिलं. मीही बाहेर आले आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी जीपखाली डाग नव्हता. अण्णांनी मला हाताला धरून कोरडी जमीन दाखवली, आईला दाखवली, रतीब घालायला आलेल्या गवळ्यालाही दाखवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही मावशीकडं निघालो, गडहिंग्लजला. डोळ्यांमुळं अण्णांनी वर्षभरापासून गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून मी चालवत होते, अण्णा शेजारी, आई मागं फराळाचे डबे धरून. सात-आठ किलोमीटर गेल्यावर मागून घूं घूं असा आवाज यायला लागला. अण्णांनी मान तिरकी केली. मग करपट वास आला. थांब म्हणाले, पण त्याआधीच मागची चाकं जागेवर धरल्यासारखी झाली आणि गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला गेली. कुणाला लागलं नाही. चकल्यांचा डबा उघडला आणि चकल्या आईच्या मांडीवर सांडल्या. ती त्या एक एक करून परत डब्यात भरत राहिली. शब्द दिलेला होता.

दस्तगीर मोटारसायकलवरून आला. त्यानं चाकांचे आतले शाफ्ट ओढून काढले आणि चाकं मोकळी केली. मग कुणाचा तरी ट्रॅक्टर थांबवून त्यामागं दोर बांधून जीप त्याच्या गॅरेजात नेली. सुट्टीचा दिवस होता, रस्त्यावर सगळे ओळखीचे. काय झालं वस्ताद, असं बरेच जण विचारत होते. अण्णा ट्रॅक्टरवाल्याशेजारी मडगार्डवर बसले होते आणि प्रत्येकाला हात वर करत होते.

दस्तगीरनं अण्णांसाठी खुर्ची मागवली. ते बसले नाहीत. त्यानं खड्ड्यात उतरून नट सोडवला, बेअरिंग बाहेर काढलं. ते निळं पडलं होतं. खाली मान घालून तो म्हणाला, "नट खुणेच्या म्होरं गेलाय, वस्ताद. पाव फेरा आसंल."

"म्होरं?" अण्णा म्हणाले.

दस्तगीरनं नट उजेडात धरला. मी त्याच्या शेजारीच होते. नटाच्या कडेवर एक खोल ठिपका होता, आणि त्याच्यापासून पाव फेऱ्यावर दुसरा, तिरका, उथळ, जेमतेम कातड्यावर ओरखडा उठावा तसा. दोन वेळा मारल्यामुळं त्याला शेपटी फुटलेली होती. तो माझा होता. खोल ठिपका अण्णांचा, पाच-सहा वर्षांपूर्वी खोलण्याआधी केलेला; तेव्हा नव्या बेअरिंगमुळं नट वेगळ्या जागी बसला आणि तो ठिपका बाद झाला होता. राबडीखाली दडलेला तो मी डिझेलनं धुऊन वर काढला होता, आणि माझा समजून त्यावर नट आवळायला लावला होता.

माझी ती खूण मी तिथं पहिल्यांदा पाहत नव्हते. जीपखाली चिंधीनं नट पुसला तेव्हाच ती मला दिसली होती. टॉर्चच्या उजेडात, शाफ्टावरच्या ठिपक्याच्या पाव फेरा पुढं गेलेली. तेवढ्यात आईनं विचारलं, झालं का, आणि अण्णा म्हणाले, झालं. तेव्हा बोलले असते तर नळी दबलेली होतीच, गाडी दस्तगीरकडंच गेली असती, आणि आई जिंकली असती. अण्णा हसत होते. मला वाटलं, पाव फेऱ्यानं काय होतंय. त्यांच्यासाठी गप्प बसले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"खूण कुणी बघितली?" दस्तगीरनं विचारलं.

"हेमानं," अण्णा म्हणाले. "तिचं चुकायचं न्हाई. तिनं बस म्हटलं आणि माझा हात थांबला न्हाई. म्होरं गेला. मलाच कळलं न्हाई."

दस्तगीर माझ्याकडं बघत होता. तो मला अक्का म्हणायचा, लहानपणी त्यानं मला कारखान्याच्या ट्रॅक्टरवर बसवून फिरवलं होतं. त्याच्या हातात दोन्ही खुणा होत्या आणि त्याला सगळं कळलेलं होतं. तो वाट पाहत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. थोड्या वेळानं नट भंगाराच्या डब्यात पडल्याचा आवाज आला.

"हात गेला म्हणायचा माझा," अण्णा म्हणाले. आणि मग खुर्चीवर बसले.

जीप त्याच महिन्यात विकली. पंप, यंत्रं ज्याच्या त्याच्या घरी गेली. आईनं शेडच्या जागी अबोली लावली. पुढच्या वर्षी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, छान दिसायला लागलं, पण कुणी काही दुरुस्तीला आणलं तर ते म्हणत, दस्तगीरकडं ने, माझा हात गेलाय. पहिल्यांदा लोकांना ती थट्टा वाटली. नंतर कुणी आणेनासं झालं. कुकरच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला तरी ते बाजारात जाऊन बसवून आणत. नळ इतका हलका बंद करायचे की थेंब गळत राहायचे. घट्ट करायची त्यांना भीती वाटे. आई उठून जाऊन तो पिळायची आणि म्हणायची, एवढंसुद्धा जमत न्हाई.

मी वर्षातून दोन-तीनदा जात होते. एकदा आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. स्वतःच्या तळहातांकडं बघत ते म्हणाले, "हेमा, त्या दिवशी बसला म्हणून मी थांबलो होतो, आठवतंय तुला? तिथं हाताला बरोबर लागलं होतं काय गं?"

एवढाच प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हटलं, अण्णा, इतकं जुनं कुणाला आठवतं. ते म्हणाले, खरं हाय, आणि पेपर उघडला. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

या वर्षी माघात अण्णा गेले. बाराव्याला अंगणात जाजम घातलं होतं. जेवणं झाल्यावर माणसं वस्तादांच्या गोष्टी सांगत बसली. कारखान्यातले एक म्हातारे गृहस्थ सांगत होते की इंजिनाला नुसता कान लावून ते कुठला व्हॉल्व्ह गेलाय ते ओळखायचे. आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, हात होता हो त्यांचा, पण शेवटी शेवटी गेला. मग तिनं जीपची गोष्ट सांगितली. चकल्यांसकट. ती वाईट मनानं सांगत नव्हती. तिला ते आठवून हसू येत होतं, रडू येत होतं. लोकही हसले. व्हायचंच, वय झालं की हात ऐकत नाही, असं कुणीतरी म्हणालं.

"हात गेला नव्हता," मी म्हटलं. "खूण मी चुकीची बघितली होती. ते बरोबर जागी थांबले होते. मी त्यांना पुढं ओढायला लावलं."

मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बघा," ती इतरांना म्हणाली, "बापाला उणं येऊ नये म्हणून लेक आपल्या अंगावर घेते."

मी म्हटलं, तसं नाही. मी सगळं सांगितलं. दोन ठिपके, खोल कुठला, उथळ कुठला, डिझेल, चिंधी, मला केव्हा दिसलं, मी का बोलले नाही. जितकं बारीक सांगत गेले तितके त्यांचे चेहरे मऊ होत गेले. म्हातारे गृहस्थ मान हलवत होते. शिकलेली पोर हाय, ते शेजाऱ्याला म्हणाले, पण बापावर जीव किती. आई मला जवळ घेऊन रडायला लागली. "असू दे बाळा," म्हणाली. "आम्ही कुणी त्यांना नावं ठेवत न्हाई."

दस्तगीर जाजमाच्या टोकाला बसला होता. मी आईचा हात सोडवला.

"दस्तगीरभाई, नट तुम्ही बघितला होता," मी म्हटलं. "तुम्ही सांगा यांना."

सगळे त्याच्याकडं वळले. त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. नऊ वर्षांपूर्वीसारखाच तो माझ्याकडं बघत होता, फक्त आता तो कशाचीही वाट पाहत नव्हता.

"लई वर्षं झाली, अक्का," तो म्हणाला. "मला काय याद न्हाई."

तो उठला, आईला हात जोडले, चपला घातल्या आणि निघून गेला. मावशीनं मला पाणी आणून दिलं. तिच्या पलीकडं बसलेली बाई आपल्या सुनेला सांगत होती, लेक असावी तर अशी.